आराकानच्या वाटेवरची माणसं

धुळे, २१ एप्रिल १९४२

ती. अक्का,

अक्षर ओळखलंस ना? मीच, अभिमन. जिवंत आहे आणि धुळ्यात आहे.

डिसेंबरात रंगूनवर बॉम्ब पडले ते तू पेपरात वाचलंच असशील. मी काम करत होतो तो फोटो स्टुडिओ पहिल्याच दिवशी जळाला. मालक बोटीने निघून गेले. आमच्यासारख्यांना बोट मिळणं शक्यच नव्हतं. प्रोमपर्यंत आगगाडीने गेलो, तिथून आराकानचे डोंगर पायी ओलांडले, मग शिडाचा पडाव, मग चितगाव. वाटेत माणसांची रांग संपत नव्हती. तेलुगू हमाल, पंजाबी सुतार, तमिळ दुकानदार, आपल्याकडचे कापसाच्या जिनिंगमधले फिटरसुद्धा. ज्याने-त्याने डोक्यावर मावेल तेवढा संसार घेतलेला. मी कॅमेरा घेतला होता. वाटभर फोटो काढले. रोल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाला मेण लावून आणले आहेत.

शिंदखेड्याला उतरून आधी गावी नानांकडे गेलो. दोन रात्री राहिलो. नानांना भेटलो, पण बोलणं असं झालं नाही. आता धुळ्यात सत्तारभाईंकडे आहे. रंगूनला जाण्याआधी मी त्यांच्याच हाताखाली फोटोचं काम शिकलो, हे तुला आठवत असेल. गल्ली नंबर पाचमध्ये त्यांचं दुकान अजून तसंच आहे. मागच्या खोलीत त्यांनी मला जागा दिली.

पाय बरे होत आले. काळजी करू नको. बाकी भेटीत.

तुझा,
अभिमन


जळगाव, २४ एप्रिल १९४२

प्रिय अभिमन,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी वर्गात होते. मुलींसमोरच फोडलं आणि मुलींसमोरच रडले. शाळेत मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध आहे, ते सगळं त्या दिवशी गेलं.

पण पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा शोधलं. मंदाचं नाव कुठेच नाही. ती चितगावला कोणाकडे राहिली का? आजारी आहे का? का भडगावला आईकडे गेली? तुझं लग्न मी जमवलं. मंदा माझी विद्यार्थिनी. तिची आई सुंदरबाई भडगावाहून दर आठवड्याला कोणाच्या तरी हाती निरोप पाठवते, "बाई, रंगूनचं काही कळलं का?" तिला मी काय सांगू?

वडील असून नाना तुझ्याशी का बोलले नाहीत, तेही तू लिहिलं नाहीस. तुझ्या 'बाकी भेटीत' या दोन शब्दांची मला भीती वाटते. मला सगळं लिही. मी लहान नाही, आणि तुझ्या आईच्या जागी आहे.

अक्का


धुळे, ३ मे १९४२

ती. अक्का,

मंदा नाही.

एवढंच वाक्य लिहायला मला हे सगळे दिवस लागले. आता लिहिलं आहे तर पुढचंही लिहितो.

आराकानच्या घाटात पटकीची साथ होती. पाण्याच्या प्रत्येक ठिकाणाजवळ माणसं पडलेली. आधी मी कॅमेरा बाहेर काढलाच नव्हता. लाज वाटायची. अशा माणसांकडे भिंग कसं रोखायचं? एका चढावर एक म्हातारा आपल्या आंधळ्या बायकोला पाठीवर घेऊन चढत होता. मंदा थांबली. मला म्हणाली, "अहो, कॅमेरा काढा ना. यांचा फोटो घ्या."

मी म्हटलं, "बरं दिसत नाही."

ती म्हणाली, "आपण घरी जाऊन हे सांगू, तर कोणाला खरं वाटणार? हे लोक असे चालले, हे कोणीतरी दाखवायला नको का? आधी त्यांना विचारा, आणि काढा."

मी विचारलं. म्हाताऱ्याने बायकोला खाली उतरवलं, तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला, स्वतः ताठ उभा राहिला, आणि मगच मान हलवली. अक्का, त्या दिवसापासून मी फोटोग्राफर झालो. त्याआधी लोकांना पडद्यापुढे बसवून मी नुसते नवरा-नवरी काढत होतो.

नंतर मंदाच पुढे जाऊन लोकांना विचारायची. तिला कोणाची भाषा येत नव्हती. हाताने सांगायची, हसायची, आणि लोक हो म्हणायचे. समुद्र दिसायच्या आधीच्या मुक्कामाला तिला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी संपलं. दोघा तमिळ माणसांनी लाकडं गोळा करून दिली. तो फोटो मी काढला नाही.

गावी गेलो तेव्हा नानांनी माझ्या मागे पाहिलं. मंदा दिसली नाही. मग माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बायको मांगे टाकीसन उनास, आनि हाई डबडं लई उनास?"

बायको मागे टाकून आलास आणि हे डबडं घेऊन आलास. दोन दिवस घरात बसलो आणि निघालो. रोल अजून धुतलेले नाहीत. डबा उघडवत नाही.

अभिमन


जळगाव, ८ जून १९४२

प्रिय अभिमन,

शाळेला सुट्टी लागताच भडगावला गेले. सुंदरबाई अंगणात गहू निवडत होती. मला एकटीला पाहून तिला समजलं. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "सांगा बाई." मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मंदा काय म्हणाली ते तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे पुसून म्हणाली, "माझी पोर भांडून शाळेत गेली होती. ती असंच बोलणार." आणि शेजारणींना हाक मारून तिने तेवढा भाग सर्वांसमोर माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मुलगी गेल्याचं सांगताना कोणा आईची मान इतकी ताठ असलेली मी पाहिली नव्हती.

तिथून मी आपल्या गावी गेले. नानांनाही तेच पत्र वाचून दाखवलं. ते उठून गोठ्याकडे गेले. मी मागे गेले नाही.

आता तुझं. मंदाने लोकांना विचारून घेतलेले फोटो तू डब्यात बंद करून ठेवले आहेस. ते तिने डब्यासाठी घेतले होते का? रोल धू. सत्तारभाईंच्या दुकानावर लाव. कोणी बघो न बघो. आणि एखाद्या फोटोत मंदा असेल तर एक प्रत भडगावला जायला हवी.

अक्का


धुळे, १९ जुलै १९४२

ती. अक्का,

आज आनंदाने लिहितो आहे.

तुझं पत्र सत्तारभाईंनी वाचलं. त्यांनी तसराळी धुतली, औषधं कालवली, लाल दिवा लावला आणि मला आत ढकललं. काही रोल बुरशीने गेले होते. बाकीचे निघाले. म्हातारा-म्हातारी निघाली. मंदाही निघाली. एका झाडाखाली परक्या बाईच्या मुलाला पाणी पाजते आहे, तिला कळू न देता मीच काढलेला. हसू नको, मला तो काढल्याचं आठवतच नव्हतं. भडगावची प्रत सोबत आहे.

प्रती दुकानाच्या दर्शनी भागावर दोरीला लावल्या. वर सत्तारभाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आराकानच्या वाटेवरची माणसं'. मला वाटलं, चार रिकामटेकडे बघतील. पण बातमी पसरली. ज्यांचं कोणी ब्रह्मदेशात होतं ते यायला लागले. अमळनेरहून, नंदुरबारहून, मालेगावहूनही. एकेका चेहऱ्यापुढे उभे राहायचे, पुढे सरकायचे, शेवटी मान हलवून जायचे. त्यांचं ते परत जाणं बघवत नव्हतं. मी सत्तारभाईंना म्हटलं, "काढून टाकू." ते म्हणाले, "थांब, अभिमनभाऊ. अजून सगळे आले नाहीत."

गेल्या महिन्याअखेर शिंदखेड्याच्या पुष्पाबाई आल्या. डोक्यावर पाटी, तीत विकायला आणलेली वांगी. त्यांचा मुलगा वना एका जिनिंगच्या शेठबरोबर ब्रह्मदेशात गेला होता, वर्षभर पत्र नाही. चितगावच्या इस्पितळाच्या ओट्यावर बसलेल्या लोकांचा एक फोटो आहे. त्यापुढे त्या थांबल्या. पाटी डोक्यावरून पडली.

"हाऊ मना वना शे! बठ्ठा या, देखा, मना वना जित्ता शे!"

फोटोत त्यांचा वना जिवंत बसला होता, ते बघायला अख्खी गल्ली जमा झाली. वांगी पायदळी गेली, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. मी चितगावला तार केली. वनाचा पाय मोडला होता, नाव-गाव कोणी नीट लिहून घेतलं नव्हतं, त्याला वाटत होतं घरचे त्याला मेलेला समजून बसले असतील. काल वना आला. कुबडी घेऊन गाडीतून उतरला आणि पुष्पाबाईंनी त्याच्या तोंडावरून असा हात फिरवला, जणू फोटोशी ताडून बघत होत्या.

अक्का, मंदा बरोबर होती. नानांना हे सांगशील?

अभिमन


जळगाव, १५ ऑगस्ट १९४२

प्रिय अभिमन,

घाईत लिहिते आहे. धुळ्याहून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, गुरुवारी मोर्चावर लाठ्या चालल्या, आणि तू सत्तारभाईंच्या गच्चीवरून त्याचे फोटो काढलेस. फौजदारांनी तुला सोमवारपर्यंत रोल धुऊन द्यायला सांगितलं आहे असंही ते म्हणाले. खरं का?

खरं असेल तर देऊन टाक. मी हे लिहिते आहे, याची मला लाज वाटते, पण लिहिते. तू एवढ्या मोठ्या मरणातून चालत आलास. आता एका रोलसाठी तुरुंगात जाऊ नको. पुढारी आधीच पकडलेले आहेत, तुझ्या फोटोने असा कितीसा फरक पडणार? माझी शाळा सरकारी अनुदानावर चालते. मी विधवा बाई, त्या नोकरीवर उभी आहे. आणि नाना म्हातारे झाले.

माझं ऐक. एवढ्या वेळी ऐक.

अक्का


धुळे, सोमवार, १७ ऑगस्ट १९४२

ती. अक्का,

तुझं पत्र आज दुपारी आलं. तोवर व्हायचं ते झालं होतं. हे पत्र पुष्पाबाई पाटीतल्या भाजीखाली घालून नेणार आहेत, कारण दारात शिपाई बसला आहे. फौजदार मला न्यायला गाडी आणायला गेले आहेत. तेवढ्यात लिहितो.

फौजदार वाईट बोलले नाहीत. खुर्चीवर बसले, दोरीवरचे फोटो निरखून पाहिले. मग हसून म्हणाले, "तुमच्या फोटोमुळे हरवलेली माणसं सापडतात म्हणे. आमचीही काही हरवली आहेत. मोर्चातली. तेवढी शोधून द्या."

अक्का, ते वाक्य मला हसण्यावारी नेता आलं नाही. कारण ते खरं होतं. ज्या चेहऱ्यावरून आईला मुलगा सापडतो, त्याच चेहऱ्यावरून तो पकडताही येतो. त्या रोलमध्ये वना होता, कुबडी टेकत सगळ्यांत पुढे. हायस्कूलची मुलं होती. आमच्या गल्लीतला न्हावी होता. घाटातल्या लोकांना मंदाने विचारलं होतं, तेव्हा मी फोटो घेतले. या लोकांना मी विचारलं नव्हतं. त्यांनी मला वर पाहिलं, ओळखलं, आणि तोंड लपवलं नाही. आपला माणूस आहे म्हणून.

दोन दिवस मी लपवायचा विचार केला. पण शोधायला आले असते तर सत्तारभाईंचं दुकान उलथंपालथं झालं असतं, आणि रोल सापडलाच असता.

मी विचारलं, "मिळालेल्या माणसांचं काय कराल?"

"ते आमचं काम. कॅमेरा द्या."

मी कॅमेरा घेतला, दुकानाच्या पायरीवर उन्हात गेलो, त्याची पाठ उघडली आणि सगळी पट्टी कागदापासून सोडवून ओढून काढली. हवेत धरली. फौजदार धावत आले तोवर उजेड लागून तिच्यात काही उरलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा हिसकावून घेतला. सत्तारभाई मध्ये पडले, "साहेब, दुकान माझं आहे, मलाही घ्या." त्यांना मी हात जोडून मागे सारलं.

त्या रोलमध्ये माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. तुला सांगतो, म्हणजे निदान आणखी एका माणसाला तो माहीत असेल. लाठ्या सुरू झाल्या, लोक पळाले, आणि रस्त्याच्या मध्ये एक अनोळखी भाजीवाली बाई मांडी घालून बसली. पळाली नाही, ओरडली नाही. लाठी उगारलेला शिपाई तिच्यापुढे थांबला आणि दोघे एकमेकांकडे बघत राहिले. त्याच्या तोंडावर तिच्यापेक्षा जास्त भीती होती. बस्स, एवढंच.

मला वाईट वाटतं आहे, पण पस्तावा नाही. तुझ्या नोकरीवर आलं तर मला क्षमा कर. गाडीचा आवाज येतो आहे.

अभिमन


जळगाव, ११ ऑक्टोबर १९४२

प्रिय अभिमन,

पुरावा नष्ट केल्याबद्दल तुला नऊ महिन्यांची सजा झाल्याचं कळलं. तुरुंगात हे पत्र आधी दुसरे कोणी वाचतील, ते वाचोत. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

शाळेच्या कमिटीने मला बोलावलं. मोठ्या टेबलामागे पाच पुरुष. अध्यक्ष गोड बोलले, "बाई, तुमच्याविषयी तक्रार नाही. फक्त भावाशी तुमचा काही संबंध नाही, एवढं लिहून द्या. अनुदानाचा प्रश्न आहे."

कागद पुढे सरकवला. मी लेखणी घेतली आणि लिहिलं, 'अभिमन माझा सख्खा भाऊ आहे. त्याला मी वाढवलं. त्याने जे केलं ते मला मान्य आहे.' खाली सही केली, तारीख घातली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही चुकीचं लिहिलं." मी म्हटलं, "शुद्धलेखनाची चूक असेल तर दाखवा. शिक्षिका आहे मी."

नोकरी गेली. आता पिंप्राळ्याच्या प्रमिलाबाईंनी त्यांची ओसरी दिली आहे, तिथे मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी शाळेतल्या कितीतरी मुली शेतातून चालत आल्या. त्यांच्या आयाही आल्या होत्या.

मी तुला 'देऊन टाक' असं लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक.

अक्का


धुळे तुरुंग, २० डिसेंबर १९४२

ती. अक्का,

तुझं पत्र आमच्या बराकीत मोठ्याने वाचलं. 'शुद्धलेखनाची चूक' या ठिकाणी एवढा हशा झाला की वॉर्डर धावत आला. वनाचा जुना शेजारी झुलाल इथे आहे, तो रोज सकाळी मला विचारतो, "बाईंचं पत्र आलं का?" मी इथे ओळखला जातो तो तुझा भाऊ म्हणून. मला ते आवडतं. ते तुझं पत्र फाडायला सांगितलंस, पण भीती वाटते तेव्हा माणूस जवळच्यालाच लिहितो. मी ते फाडणार नाही.

मंगळवारी भेटीचा दिवस होता. जाळीपलीकडे नाना बसले होते. डोक्याला पागोटं, हातात काठी. गावाहून एकटे आले. भेटीची वेळ संपत आली तेव्हा म्हणाले, "मंदा काय बोलनी व्हती, ते तू सांग. अक्कानी वाची दखाडं, पन तू सांग."

मी सांगितलं. म्हाताऱ्याचं, आंधळ्या बायकोचं, पदर नीट केल्याचं. मंदा सगळ्यांना हाताने कसं विचारायची तेही. नाना ऐकत राहिले. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा ते उठले, जाळीवर पंजा ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मी चुकीनं बोलनू व्हतू, पोरा."

नाना असं म्हणाले, अक्का. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

अभिमन


धुळे, २६ ऑक्टोबर १९४३

ती. अक्का,

तुला विचारतो आहे, पण खरं तर सांगतोच आहे. मी बंगालला जातो.

तिथल्या दुष्काळाच्या बातम्या पेपरात छाटून-छाटून येतात. सुटल्यापासून मी सत्तारभाईंच्या दुकानात नवरा-नवरी काढतो आहे, आणि प्रत्येक वेळी काळ्या कापडाखाली शिरलो की चितगावकडचे लोक दिसतात. आम्ही डोंगर उतरून आलो तेव्हा तिथल्या एका खेड्यात लोकांनी आम्हाला भात वाढला होता. कोण, कुठले, काही विचारलं नाही. तेच लोक आता भातावाचून मरत आहेत.

धुळ्याच्या काही व्यापाऱ्यांनी बाजरी आणि डाळ जमवली आहे. वॅगनबरोबर चार स्वयंसेवक जाणार, त्यात मी. सरकारने कॅमेरा परत दिला नाही. सत्तारभाईंनी स्वतःचा दिला. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मी कुठे जाणार आहे? तो तरी जाऊ दे." फोटो छापू देतात की नाही, माहीत नाही. पण कोणीतरी तिथे जाऊन, विचारून, ते काढले पाहिजेत.

गाडी जळगाववरून जाईल. तुला राग येणार नसेल तर स्टेशनवर ये.

अभिमन


जळगाव, ४ नोव्हेंबर १९४३

प्रिय अभिमन,

हे पत्र कलकत्त्याच्या पत्त्यावर पाठवते आहे, तू पोचशील तेव्हा तिथे वाट बघत असेल.

गाडी एवढीशीच थांबली. तुला डबा दिला, दशम्या आहेत, लवकर संपव. सुंदरबाई भडगावाहून आली होती, तिला तू वाकून नमस्कार केलास, तेव्हा तिने तुझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यालाही हळद-कुंकू लावलं. भिंगाला लागलं असेल तर पूस. आणि नाना आले होते, ते तू पाहिलंस. पण तुझी गाडी हलल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

फलाटावर गर्दी होती. लष्कराचे लोक, बोचकी घेऊन बसलेली कुटुंबं. वॅगनवर कापडी फलक, त्यामागे लोक फुलं टाकत होते, तेव्हा एका सावद्याकडच्या गृहस्थाने नानांना विचारलं, "बाबा, कोणी पुढारी गेला का?"

मला वाटलं नाना नेहमीसारखे गप्प राहतील. त्यांनी काठी घट्ट धरली, मान वर केली आणि इतक्या मोठ्याने बोलले की आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले.

"पुढारी नही. मना आंडोर शे तो. फोटो काढस. जठे लोके मरी राहिनात तठे चालना, त्यास्ना चेहरा बठ्ठास्ले दखाडाले."

माझा मुलगा मरणाऱ्यांचे चेहरे सगळ्यांना दाखवायला चालला, असं नाना फलाटभर सांगत होते! गृहस्थांनी हात जोडले. नानांनीही जोडले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल बेटी, तुन्या पोरी वाट देखत व्हतीन." आणि माझ्या आधी, पिंप्राळ्याच्या रस्त्याला लागले. दुपारभर ते ओसरीवर मुलींमध्ये बसून होते. बंगाल कुठे आहे, ते नकाशावर मी मुलींना दाखवलं. नानांनी तिथे बोट ठेवलं आणि ते उचलायला ते तयार नव्हते.

तुझी,
अक्का